न आलेल्या पाळीचे तीन दिवस

"अपेंडिक्स दिसतंय," डॉ. सेन हात धुता धुता म्हणाले. "इंजेक्शनं सुरू करा, तोंडाने काही देऊ नका. उद्या सकाळी पोट उघडू. आज दुर्गापूजेची अष्टमी, आज मी अ‍ॅनेस्थेटिस्ट कुठून आणू?"

मी मान हलवली. पण मला ते पटत नव्हतं, आणि का पटत नाही हे सांगताही येत नव्हतं. ज्युनिअर डॉक्टरला याहून अवघड जागा नाही.

सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. दक्षिण कलकत्त्यातल्या एका लहानशा नर्सिंग होममध्ये मी बायकांचे आजार बघायची. डॉ. सेन तिथले सर्जन आणि मालक. ही पेशंट खरं तर त्यांची. पोट दुखतंय म्हणून आली होती, त्यांनी तपासली. मला बोलावलं ते दुभाषी म्हणून. "मिस साठे, तुमच्या मुलखातली माणसं आहेत, जरा बोलून घ्या." मुलूख कसला! माझा जन्म इथल्याच भवानीपूरचा आणि पुणं मी तोवर दोनदा पाहिलेलं. पण आडनाव साठे म्हटल्यावर आख्खा महाराष्ट्र माझ्या खात्यावर जमा व्हायचा.

पेशंटचं नाव सुलभा. पंचविशीच्या आतबाहेरची. नवरा अरविंद, खिदिरपूरला कस्टम्समध्ये, मुंबईहून बदलून आलेला. सोबत सासूबाई, त्यांना सगळे माई म्हणत. माईंच्या घरी नवरात्राचे घट बसलेले. नऊ दिवस दिवा विझता कामा नये, म्हणून शेजारच्या बोसबाईंना तेल घालायला बसवून त्या आल्या होत्या, आणि दर दोन वाक्यांनी "बोसबाई दिव्याशी आहेत ना रे?" असं मुलाला विचारत होत्या. त्या बिचाऱ्याला इथे बसून काय माहीत असणार!

मी सुलभाच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. आतला भाग गुलाबी असायला हवा, तो कागदासारखा होता. नाडी जलद आणि बारीक. हात गार. पोटात दुखणं उजव्या बाजूला, खाली. इथवर अपेंडिक्स म्हणायला हरकत नव्हती. पण मग ती हळूच म्हणाली, "ताई, खांदाही दुखतोय. उताणं झोपलं की जास्त."

"पुरण वाटलंय ना दोन दिवस," माई लगेच म्हणाल्या. "आमच्याकडे पाट्यावरचंच लागतं. खांदा भरून येतो मेला."

खांद्याचं हे कारण मला पटेना. हे जरा समजावून सांगते. पोटात रक्त सांडलं, की ते वर सरकून छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याला लागतं. त्या पडद्याची आणि खांद्याची नस एकच. म्हणून दुखापत पोटात आणि दुखणं खांद्यात. अपेंडिक्समध्ये असं सहसा होत नाही. तरण्या बाईच्या पोटात असं आपोआप रक्त सांडायचं मोठं कारण एकच असतं. गर्भ गर्भाशयात न रुजता वाटेतल्या नळीतच रुजतो. नळी बोरूएवढी, ती किती ताणणार? एके दिवशी फुटते. आत रक्तस्राव होतो, बाहेर फारसं काही दिसत नाही, आणि बाई बोलता बोलता जाते. शिकत असताना आउटडोअरच्या बाकावर अशी एक बाई गेलेली मी पाहिली होती. केसपेपर हातात धरून नंबर येण्याची वाट बघत होती. ती शांतपणे भिंतीला टेकली, आम्हाला वाटलं डुलकी लागली. तेव्हापासून मी या आजाराला जेवढी भ्यायले तेवढी दुसऱ्या कशालाच नाही.

अपेंडिक्स असेल तर उद्या सकाळपर्यंत थांबता येत होतं. हे असेल तर नव्हतं.

तेव्हा आजच्यासारखी सोनोग्राफी नव्हती. पोटात काय चाललंय ते ओळखायला बोटं, कान आणि प्रश्न. पहिला प्रश्न ठरलेला: पाळी चुकली आहे का? पाळी चुकलेली आणि ओटीपोटात दुखतंय, एवढं जुळलं की आधी हाच धोका धरून चालायचं. मी सुलभाला विचारलं, उत्तर माईंनी दिलं.

"छे हो! चुकतेय कशाने? पितृपक्षात बाहेरची होती की. तीन दिवस मागच्या व्हरांड्यात बसली, मीच ताट लांबून सरकवत होते. म्हटलं बरं झालं, घट बसायच्या आत आटपलं."

"हो का गं?" मी सुलभाला विचारलं.

तिने माईंकडे पाहिलं आणि मान हलवली.

आता आजच्या मुलींना हे सांगायला हवं. पाळी आली की बाईने तीन दिवस वेगळं बसायचं. कशाला शिवायचं नाही, स्वयंपाकघरात पाऊल नाही, चौथ्या दिवशी न्हाऊन आत यायचं. आमच्याही घरी आई बसायची. त्यामुळे कुणाला कधी 'कावळा शिवला' हे घरादाराला, दूधवाल्यालासुद्धा माहीत. डॉक्टरला याचा एक फायदा होता. बंगाली बायका "मागच्या महिन्यात कधीतरी" म्हणत, पण आमच्या मराठी घरांत तारीख पक्की मिळायची आणि साक्षीदारही.

डॉ. सेनना मी हे सांगितलं तेव्हा ते हसले. "मग प्रश्नच मिटला, मिस साठे. पाळी वेळेवर आली म्हणजे गर्भ नाही. गर्भ नाही म्हणजे नळी नाही. अपेंडिक्स."

"सर, ती पांढरी पडलीय. खांदा दुखतोय."

"उलटी झाली आहे तिला, पांढरी पडेलच. आणि खांद्याचं तर तिच्या सासूने सांगितलं." मग थोडं नरमाईने म्हणाले, "मला कारण द्या. भीती हे कारण होत नाही."

बरोबर होतं त्यांचं. मी परत खोलीत आले. नाडी पुन्हा पाहिली. ती आणखी पळायला लागली होती. बाहेर रस्त्यावर ढाक, पूजेचे ते मोठे ढोल, वाजत होते, मांडवातून माणसांचा लोट वाहत होता, सगळं शहर नवे कपडे घालून आनंदात होतं. मला मात्र काखेत घाम फुटला होता. ही मुलगी माझ्या डोळ्यांसमोर जाणार आणि उद्या सगळे म्हणणार, अपेंडिक्स फुटलं, नशीब. तेवढ्यात माझं लक्ष चादरीकडे गेलं. कुशीवर वळताना सुलभाच्या पातळाखाली एक छोटा, मळकट, तपकिरी डाग दिसला.

मला तिच्याशी एकटीशी बोलायचं होतं आणि माई खाटेपासून हलत नव्हत्या. सुनेच्या कपाळावर हात ठेवून बसलेल्या. "बाहेर बसता का?" असं मी दोनदा म्हणून पाहिलं होतं. "मी काही परकी नाही," हे उत्तर. मग मी माझ्या मराठी असण्याचा उपयोग करून घेतला.

"माई, जरा सांभाळा. हिला डाग लागलाय. तुम्ही सोवळ्यातल्या, घरी घट आहेत."

विस्तवाला लागावा तसा त्यांनी हात काढून घेतला. "अगं बाई! ऐन घटांत! आणि काल हिने नैवेद्य..." पुढचं त्यांच्या तोंडून आलंच नाही. पदर सावरत त्या दाराबाहेर गेल्या. मी दार लावलं. स्वतःवर जरा खूष होऊन वळले, तर सुलभा कोपरावर उठू बघत होती.

"हे काय केलंत, ताई? का सांगितलंत त्यांना?"

"तुझ्याशी बोलायचं होतं म्हणून. सुलभा, पितृपक्षात तू बाहेर बसलीस तेव्हा रक्त गेलं होतं?"

तिने पातळ आवरून डाग झाकला.

"किती गेलं? नेहमीसारखं? कमी?"

ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "मला मरू द्या. ही देवीचीच शिक्षा आहे. मी भोगते."

मी तशी तापट. एरवी अशा बोलण्यावर माझा आवाज चढला असता. पण त्या खोलीत मला इतकी भीती वाटत होती, की रागाला जागाच नव्हती. मी खाटेवर तिच्याशेजारी बसले, तिचा गार हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हटलं, "शिक्षा द्यायला देवी समर्थ आहे. तू फक्त काय झालं ते सांग. मी कुणालाही सांगणार नाही."

मग तुकड्यातुकड्यांनी बाहेर आलं. लग्नाला चार वर्षं. दोनदा दिवस गेले होते. दोन्ही वेळा पाळी चुकल्याबरोबर घरात कळलं, कारण सून बाजूला बसली नाही की कळतंच. मुंबईला पत्रं गेली, इथल्या मराठी बायका डोहाळे विचारायला आल्या. दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्याच्या आत गेलं. मग त्याच बायका समाचाराला आल्या. "दृष्ट लागते हो फार लवकर सांगितलं की," असं तिच्याच तोंडावर म्हणून गेल्या. तिसऱ्यांदा पाळी चुकली तेव्हा तिने ठरवलं, पोट दिसेपर्यंत कुणाला कळू द्यायचं नाही. नवऱ्यालाही नाही. पण न बसून कसं चालेल? तेव्हा पाळीचा दिवस उलटला तशी ती उठून मागच्या व्हरांड्यात जाऊन बसली. चटई, तांब्या, वेगळं ताट. तीन दिवस काहीही न होता बाहेरची होऊन बसली.

"मग हा डाग कधीपासून?"

इथे ती रडायला लागली. "नवरात्रात सुरू झालं. चौथी माळ असेल. थोडं थोडं. पण आता पुन्हा कशी बसणार? नुकतीच बसले होते ना! माईंनी विचारलं असतं. म्हणून मी तशीच स्वयंपाकाला उभी राहिले. पुरण वाटलं. घटाला माळ घातली. ताई, मी विटाळात देवीला शिवले. काल नैवेद्य दाखवला आणि तेव्हाच पोटात कळ आली. तिथेच, देवासमोर."

माझ्या अंगावर काटा आला. देवीच्या कोपाने नव्हे. ही मुलगी पोटात रक्त सांडत असताना कोपाला घाबरून गप्प पडून होती, आणि अजून थोडा वेळ अशीच पडून राहिली असती तर कोप झाला हेच खरं ठरलं असतं.

"ऐक," मी म्हटलं. "पाळी तुला आलेलीच नाही. हे रक्त पाळीचं नाही. गर्भ चुकीच्या जागी रुजलाय आणि तिथे जखम झालीय, हे जखमेचं रक्त आहे. विळीवर बोट कापलं तर कुणी बाजूला बसवतं का? मग यात विटाळ कसला? तू काहीही बाटवलेलं नाहीस."

ती माझ्याकडे वळली. "खरंच?" तिने विचारलं. तिला मरणाची भीती वाटत नव्हती, तिला फक्त याचं उत्तर हवं होतं. मी "खरंच" म्हटलं, तेव्हा कुठे तिने डोळे मिटले. आणि मिटले ते उघडेनात. नाडी बोटांखालून सटकायला लागली.

मी धावतच डॉ. सेनच्या खोलीत गेले. "सर, पाळी चुकलेली आहे."

"सासू तर म्हणते..."

"सासूला माहीत नाही. सर, मी सुई घालून बघते. काही निघालं नाही तर माझी चूक, लेखी देते."

ही सुईची तपासणी म्हणजे काय, तर गर्भाशयाच्या मागे एक खळगा असतो, पोटाचा सगळ्यात खालचा भाग. पोटात रक्त सांडलं तर तिथे साठतं. योनिमार्गातून लांब सुई घालून त्या खळग्यातलं ओढून बघायचं. काही न आलं किंवा स्वच्छ पाणी आलं तर ठीक. रक्त आलं तर ते टेस्ट ट्यूबमध्ये धरून बघायचं. ताजं, शिरेतलं रक्त गोठतं. पोटात सांडून राहिलेलं रक्त गोठत नाही.

सिस्टरने दिवा धरला. डॉ. सेन मागे हाताची घडी घालून उभे. मी सुई घातली आणि पिस्टन ओढला. सिरिंज काळपट रक्ताने भरली, इतकी सहज की पिस्टन मागे ढकलला जातोय असं वाटलं. ट्यूबमध्ये घातलं, हलवलं, थांबलो. पाण्यासारखं हलत राहिलं.

डॉ. सेन त्यानंतर एक शब्दही वाद घालत बसले नाहीत. हा त्यांचा मोठेपणा मी आजही सांगते. "थिएटर तयार करा," ते सिस्टरवर ओरडले. "ताडाताडी! लवकर!" मग अरविंदला दंडाला धरून म्हणाले, "तुम्ही पळा. शेजारच्या मोहल्ल्याच्या मांडवात जा, माइकवरून सांगायला लावा. 'अ‍ॅनेस्थेटिस्ट डॉ. घोष, असाल तिथून निघा, नर्सिंग होमला या.' एका मांडवात नसले तर दुसऱ्या. ते आज याच भागात फिरतायत."

मांडवात हरवलेल्या मुलांसाठी दिवसभर माइक चालू असतो. त्या संध्याकाळी लाल फ्रॉकवाल्या मुन्नीच्या पाठोपाठ अ‍ॅनेस्थेटिस्टचा पुकारा झाला. आम्ही थिएटरमध्ये सुलभाला टेबलावर घेऊन उभे होतो आणि खिडकीतून तो पुकारा ऐकत होतो. आधी जवळून, मग लांबून, मग आणखी लांबून. दर पुकाऱ्याला वाटायचं, मिळाले. आणि पुन्हा ढाक सुरू व्हायचे. ब्लड बँकेतून तिच्या गटाची एकच बाटली मिळाली होती, ती संपत आली. मी तिच्या मनगटावर बोटं धरून होते आणि बोटांना काही लागत नव्हतं. मी तिचं नाव घेत राहिले. आयुष्यात इतकी मी पुन्हा घाबरले नाही, आणि माझं आयुष्य काही गुळगुळीत गेलेलं नाही.

घोष आले ते कोऱ्या रेशमी झब्ब्यात, धोतराचा सोगा हातात. कपडे बदलायला ते थांबलेच नाहीत, वरून गाऊन चढवला.

पोट उघडल्याबरोबर रक्त काठावरून वाहिलं. डॉ. सेननी त्यात हात घालून आंधळ्यासारखी नळी शोधली, चिमट्यात धरली आणि "धरलं" म्हणाले. फुटलेली जागा बोटाच्या पेरापेक्षा लहान होती. आता रक्त द्यायचं कुठून? मग आम्ही तिचंच रक्त तिला दिलं. पोटातलं रक्त वाटीने काढायचं, गॉजच्या घड्यांमधून गाळायचं, गोठू नये म्हणून औषध घातलेल्या बाटलीत भरायचं आणि तसंच शिरेत सोडायचं. ऐकायला अघोरी वाटेल, पण तेव्हा असं करत. मी गाळत होते, सिस्टर भरत होती. बऱ्याच वेळाने घोष म्हणाले, "पल्स पाच्छी." नाडी लागतेय.

बाहेर माई बाकावर बसून होत्या. त्यांना मी सांगितलं, "गर्भ नळीत राहिला होता, नळी फुटली. आता धोका टळलाय. दुसरी नळी चांगली आहे."

मी त्यांच्या प्रश्नाची वाट बघत होते. पितृपक्षात बाहेरची होती, मग गर्भ कसा? उत्तरही तयार ठेवलं होतं: कधी कधी दिवस राहिल्यावरही थोडं जातं, बाईला वाटतं पाळीच आहे. हे खोटं नाही, तसं होतं. सुलभाला दिलेला शब्दही राहिला असता.

माईंनी प्रश्न विचारलाच नाही. पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "मला माहीत होतं, डॉक्टरीणबाई."

"काय माहीत होतं?"

"ती खोटी बसली होती. तीन दिवसांत दोरीवर एक कपडा वाळत पडला नाही. बाईमाणसाला कळतं ते. मला वाटलं, पोर दमलीय. पितरांचा स्वयंपाक, पाठोपाठ नवरात्र. तीन दिवस पाठ टेकावीशी वाटली असेल. मी मुद्दाम गप्प राहिले. आमच्या सासूबाईंच्या वेळी मीही एकदा बसले होते तशी."

"मग मी विचारलं तेव्हा का नाही सांगितलंत? तुम्ही शपथेवर सांगावं तसं सांगितलंत, बाहेरची होती म्हणून!"

"परक्या माणसांसमोर सुनेला खोटी ठरवू?" त्या म्हणाल्या. "तिची लाज राखली हो मी."

मग उठता उठता त्यांनी माझा हात धरला. "मला माहीत होतं, हे तिला सांगू नका. फार मनाला लावून घेईल."

सुलभा दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आली. पहिला प्रश्न, "माईंना कळलं नाही ना?" मी म्हटलं, नाही. ती रडली आणि झोपली. घरी जाईपर्यंत माई रोज तिच्यासाठी मऊ भात आणत होत्या, आपल्या हाताने भरवत होत्या, आणि मी दोघींची दोन गुपितं सांभाळत मधे उभी असायची. पुढल्या वर्षी अरविंदची बदली झाली. त्यांचं पुढे काय झालं, मला कळलं नाही.

दोघींपैकी एकीनेही वाईट हेतूने काही केलं नव्हतं. सून सासूला दुखवायला भीत होती, सासू सुनेला उघडं पाडायला भीत होती, आणि त्या दोन मायांच्या मधे मुलगी जवळजवळ गेलीच होती. त्यानंतर मी प्रॅक्टिस केली तोवर एक नियम पाळला. पाळीचा प्रश्न दोनदा विचारायचा. एकदा सगळ्यांसमोर, एकदा दार लावून. दोन्ही उत्तरं वेगळी आली तर पहिल्याला मान द्यायचा, आणि औषध दुसऱ्याचं करायचं.